पेढीचा इतिहास लिहिणाऱ्या खंडारेबाई

वाशीमच्या कन्याशाळेत खंडारेबाई इतिहास शिकवायच्या. त्यांच्याकडून तपासून आलेल्या वहीत एक शब्द हमखास तांबड्या शाईनं खोडलेला सापडायचा. तो शब्द म्हणजे ‘इत्यादी’. मुलींनी ‘वगैरे’ लिहिलं तर तेही जायचं. वर्गात एखादी मुलगी उभी राहून ‘लढाईत सरदार, सैनिक इत्यादी मेले’ असं वाचू लागली की बाई तिला तिथेच थांबवायच्या.

“इत्यादी म्हणजे कोण?”

मुलगी वहीत शोधू लागायची.

“माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिही. ते खरं तरी होईल. इत्यादी म्हणजे माहीत करून घ्यायची गरज वाटली नाही, एवढंच.”

मी तेव्हा नवी होते. अमरावतीहून गणित शिकवायला आले होते आणि बाईंच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली होती. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. वाशीम तेव्हा तालुक्याचं गाव होतं, जिल्हा अकोला. बाई पस्तिशीच्या, ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. केस घट्ट बांधलेले. लग्न केलेलं नव्हतं, आणि ‘का नाही केलं’ असं विचारणाऱ्याला त्या ‘तुम्ही का केलं’ असं विचारायच्या. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा त्या मॅट्रिकच्या वर्गात होत्या. घरची मंडळी मालेगावकडची, शेतमजुरी करणारी. बाई मात्र औरंगाबादेला जाऊन एम. ए. झाल्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी स्वच्छ असायची. संताप आला की मात्र सरळ गावची बोली बाहेर यायची, आणि ती आली की समोरच्यानं समजून जायचं.

त्या शाळेत रुजू झाल्या तेव्हाची हकिकत मला शिपाई रामभाऊनं सांगितली. शिक्षकांच्या खोलीत चहाचे कप एका ताटात उपडे घातलेले असत. एक कप मात्र वेगळा, खिडकीतल्या खिळ्याला अडकवलेला. पहिल्या दिवशी रामभाऊनं त्या कपात बाईंना चहा दिला. बाईंनी विचारलं, “हा कप तिथे का होता?” खोलीतल्या बाकीच्या बाया वह्यांमध्ये डोकं घालून बसल्या. खंडारेबाई उठल्या, तो कप तसाच भरलेला घेऊन मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या आणि त्यांच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “मोठ्या बाई, हा कप चांगला दिसतो, म्हणून वेगळा ठेवलाय. मानाचा असेल. तुम्ही घ्या.” मोठ्या बाईंनी तो घेतला नाही. चहा तिथेच निवला. दुसऱ्या दिवशी खिळा उपटलेला होता. रामभाऊ मला म्हणाला, “म्या लावला नवता थो खिळा बाई, मले सांगतलं होतं. पन लावनारा हात तं माहाच होता.” एवढी शरम त्या खोलीतल्या शिकल्या-सवरल्या एकीलाही वाटली असेल, असं मला वाटत नाही.

शाळा चालवायची ती दौलतशेटांच्या घराण्याची संस्था. दौलतशेटांनी शंभर वर्षांपूर्वी वाशीमला पेढी काढली होती. कापसाचे व्यापारी तिच्यावर हुंड्या करत, मोठमोठे लोक तिच्यात ठेवी ठेवत. पुढे सरकारी बँका आल्या आणि पेढी नावापुरती उरली. पण घराण्याचं जिनिंग होतं, टॉकीज होतं, शाळा होती, आणि बाजारातली ती दगडी इमारत होती. पणतू नानाशेट रोज संध्याकाळी तिच्या दिवाणखान्यात लोडाला टेकून बसत आणि गावातले लोक त्यांना भेटायला जात.

पेढीची शताब्दी आली तेव्हा नानाशेटांनी स्मरणिका काढायचं ठरवलं. पेढीचा इतिहास कोण लिहिणार, असा प्रश्न निघाल्यावर मोठ्या बाईंनी खंडारेबाईंचं नाव सुचवलं. कामाच्या बाबतीत त्यांच्यावर कोणी बोट ठेवू शकत नव्हतं. मला वाटलं, बाई नाही म्हणतील. त्या लगेच हो म्हणाल्या.

“पेढीचा इतिहास म्हणजे या मुलुखाचा इतिहास आहे, मालू,” त्या मला म्हणाल्या. “कापूस कुठून आला, कुठे गेला, कोणाच्या हातून गेला. मी शेटजींसाठी नाही लिहिणार, माझ्यासाठी लिहीन.”

दिवाळीची सगळी सुट्टी त्यांनी त्यात घातली. जुने मुनीम शोधले, शेलूबाजारच्या कापूसवाल्यांकडे गेल्या, गाडीवानांच्या घरी बसल्या. दौलतशेटांबद्दल त्यांनी आकसानं काही लिहिलं नाही. माणूस हिंमतीचा होता, शब्दाचा पक्का होता, वाशीमला रेल्वे नव्हती तेव्हा त्यानं अकोल्यापर्यंत व्यवहार नेला, हे त्यांनी मोकळेपणानं लिहिलं. मला वाचून दाखवताना एकदा म्हणाल्यासुद्धा, “खमक्या होता म्हातारा. आवडला मला.”

पण त्यांना एक गोष्ट समजत नव्हती. पेढीची रोकड अकोल्याला जायची कशी? रस्ता मेडशीच्या जंगलातून, आणि त्या काळी तिथे वाटमारी चालायची. घराण्यात याचं उत्तर ठरलेलं होतं. दिवाणखान्यात एक मोठं तैलचित्र टांगलेलं होतं. त्यात दाट झाडी, पळणारे दरोडेखोर आणि रस्त्याच्या मधोमध हातात काठी घेऊन उभा असलेला घराण्याचा कुळदेव. पेढीच्या थैल्यांवर दरोडा पडला तेव्हा देव स्वतः राखणदाराच्या रूपानं आला आणि थैल्या सुखरूप पोचल्या, अशी ती कथा. दर वर्षी त्या दिवशी घराण्यात पूजा व्हायची.

मुनिमांपैकी एकानं बोलता बोलता बाईंना सांगितलं की थैल्या जऊळक्याचे महार डोक्यावरून न्यायचे. बाईंनी दुसऱ्याच दिवशी जऊळका गाठायचं ठरवलं. सोबत मीही गेले.

सकाळच्या गाडीनं आम्ही जऊळक्याला उतरलो. बुद्धविहाराजवळ विचारलं तर लोकांनी राधाबाईंकडे बोट दाखवलं. ऐंशीच्या घरातली बाई, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. खंडारेबाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या आणि शेंगा सोलू लागल्या. पेढीचं नाव काढल्यावर म्हातारीचे हात थांबले.

“पेढीचं कायले इचारता माय?”

“लिहायचं आहे आजी. पेढीला शंभर वर्षं झाली.”

“मंग माह्या आज्याचं लिवसान काय?”

तिच्या आज्याचं नाव तुळशा. थैल्या नेणाऱ्यांमधला तो म्होरक्या. राधाबाईंनी जे सांगितलं ते तिनं लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेलं होतं. मेडशीच्या अलीकडे त्यांना वाटमाऱ्यांनी गाठलं. तुळशानं बाकीच्यांना थैल्या घेऊन पुढे पळायला सांगितलं आणि आपण काठी घेऊन रस्त्यात उभा राहिला. थैल्या अकोल्याला पोचल्या. तुळशा बैलगाडीतून घरी आला, मेलेला.

“मंग पेढीनं बलावलं माह्या बुढीले,” राधाबाई म्हणाली. बुढी म्हणजे तिची आजी, तुळशाची बायको. “बुढी गेली वाशीमले, लेकरू काखीत घेऊन. वट्यावर चढू नाई देलं. खालीच उभी केली. वरून मुनिमानं लुगडं फेकलं तिच्या म्होरं. मातीत पडलं थे.”

“मग?”

“मंग काई नाई. तिनं थे उचललंच नाई. तशीच पायी माघारी आली. मुनीम म्हने, बाई मातली. त्याच्यानंतर आमच्या घरच्या मानसाले पेढीनं कदी कामाले बलावलं नाई.”

खंडारेबाईंच्या ओंजळीत सोललेले दाणे तसेच राहिले होते. परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसून बाहेर पाहत होत्या. वाशीम यायच्या सुमारास म्हणाल्या, “काठीवाला मानूस खराच होता, मालू. त्यायनं त्याले मारून देव केला.” त्यांची बोली ऐकून मला कळलं की आता हे प्रकरण सरळ जाणार नाही.

त्यांनी इतिहास पूर्ण केला. साठ-एक पानांत तुळशाचं एक पान. मजकूर नानाशेटांकडे गेला आणि आठवड्यानं बोलावणं आलं. मोठ्या बाई, खंडारेबाई आणि स्मरणिकेच्या समितीत होते म्हणून मी, अशा तिघी पेढीवर गेलो. नानाशेटांनी चहा मागवला, लिखाणाची तारीफ केली. मग ते एक पान बाजूला काढून ठेवत म्हणाले, “बाई, हे एवढं जरा मोघम करू. ‘पेढीच्या सेवेत राखणदार इत्यादी विश्वासू माणसं होती’, असं एक वाक्य घाला. शोभून दिसेल.”

मी खंडारेबाईंकडे पाहायचं टाळलं.

“का बरं मोघम?” त्यांनी विचारलं.

“ही सांगोवांगीची गोष्ट. पुरावा काय?”

“पुरावा तुमच्या भिंतीवर टांगलाय शेटजी. तोच रस्ता, तेच दरोडेखोर, तीच काठी. माणूस तेवढा बदललाय.”

नानाशेटांचा चेहरा उतरला. “देवाच्या चित्राबद्दल असं बोलू नका. घरातल्या बायका पूजा करतात.”

“करू द्या. मी चित्र उतरवा म्हणत नाही. पुस्तकात नाव ठेवा म्हणते.”

“बाई, खरं सांगू का,” नानाशेट मऊ आवाजात म्हणाले, “तो तुमच्या जातीचा म्हणून तुम्हाला त्याचा पुळका आला आहे.”

“तुमच्या जातीच्या माणसावर मी साठ पानं लिहिली,” खंडारेबाई म्हणाल्या, “तवा नाई इचारलं हे तुमी?”

मोठ्या बाई घाईघाईनं म्हणाल्या, “विचार करतील त्या, शेटजी.” बाहेर आल्यावर त्यांनी खंडारेबाईंना रस्त्यातच सुनावलं की नोकरी कोणाच्या शाळेत करतो याचं भान ठेवावं. खंडारेबाई म्हणाल्या, “तेच तर ठेवून आहे.” त्यांनी वाक्य बदललं नाही. पान ठेवायचं नसेल तर सगळा मजकूर परत द्या, असं लेखी कळवलं. उत्तर आलं नाही.

समारंभाच्या दिवशी मांडवात प्रत्येकाच्या हातात स्मरणिका पडली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर दौलतशेटांचं चित्र. आत पेढीचा इतिहास, लेखिका म्हणून खंडारेबाईंचं नाव, आणि तुळशाच्या पानाच्या जागी नानाशेटांनी सांगितलेलं ते एक वाक्य. ‘इत्यादी’सकट.

जिचा आयुष्यभर त्या एका शब्दावर राग, तिच्याच नावाखाली त्यांनी तो शब्द छापला. चोरी केली असती तर ती एक वेळ समजली असती. ही चोरी नव्हती. दुसऱ्याच्या तोंडात आपली थुंकी घालण्यासारखं होतं ते. व्यासपीठावर शालीसाठी बाईंचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्या मांडवात नव्हत्या. घरी जाऊन खाटेवर पडल्या होत्या. मी गेले तर भिंतीकडे तोंड. “जेवलात का?” विचारलं. म्हणाल्या, “त्यायनं मले इत्यादी लिवाले लावलं.”

मला वाटलं होतं, त्या राजीनामा देतील. सोमवारी त्या नेहमीसारख्या शाळेत आल्या. स्मरणिका प्रत्येक मुलीला एक अशी शाळेतून वाटली गेली होती. बाईंनी आठवी, नववी, दहावी, तिन्ही वर्गांना ती आणायला सांगितली. तासाला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “या पुस्तकातलं एक पान छापायचं राहिलं आहे. लिहून घ्या.”

मग त्यांनी तुळशाचं पान सावकाश सांगितलं. मुलींनी ते स्मरणिकेच्या मापाच्या कागदावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी घरून गव्हाच्या पिठाची खळ आणून ते आपापल्या पुस्तकात जागच्या जागी चिकटवलं. शिक्षकांच्या खोलीतून मला समोरचा वर्ग दिसत होता. मुली जीभ दातात धरून कडा दाबत होत्या. कोणाचं अक्षर मोत्यासारखं, कोणाचं कोंबडीच्या पायासारखं. हे पाप मुलींच्या हातून का करवता, असं एका बाईंनी खंडारेबाईंना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, “शुद्धलेखन घेतेय.”

रविवारी त्या अशीच एक पान चिकटवलेली प्रत घेऊन जऊळक्याला गेल्या. त्यांनी बोलावलं म्हणून मीही गेले. राधाबाईला वाचता येत नव्हतं. खंडारेबाईंनी तिच्याजवळ बसून सगळं पान वाचून दाखवलं. म्हातारीनं डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, “बरं केलं माय. तुळशा आला पुस्तकात.” मग विचारलं, “पन माही बुढी? तिले नाव नवतं काय?”

खंडारेबाईंनी पान पुन्हा पाहिलं. त्यात लिहिलं होतं, ‘तुळशाच्या विधवेने ते लुगडे उचलले नाही.’ त्यांचा चेहरा असा पडला की मला पाहवेना. ती बाई मी कोणाहीपुढे मान खाली घालताना पाहिली नव्हती. तिथे त्या मातीच्या अंगणात तिनं घातली.

“चुकलं आजी,” त्या म्हणाल्या. “काय नाव होतं त्यांचं?”

“गया.”

सोमवारी तिन्ही वर्गांत मुलींनी ‘विधवेने’वर काट मारली आणि वर ‘गयाने’ लिहिलं. बाईंनी फळ्यासमोर उभं राहून सांगितलं, “ही चूक छापखान्याची नाही, शेटजींची नाही, माझी आहे. मी तिला विचारलंच नाही.”

पुढे काय व्हायचं ते झालं. मुलींनी पुस्तकं घरी नेली. जी स्मरणिका गावात कोणी उघडूनही पाहिली नसती, तिच्यातलं ते चिकटवलेलं पान घराघरात वाचलं गेलं. कोणी हसलं, कोणी संतापलं, कोणी फाडून टाकलं. दोन-चार म्हाताऱ्यांनी सांगितलं की ही गोष्ट आपणही लहानपणी ऐकली होती. इतकी वर्षं ऐकून होते आणि पूजेचा प्रसादही खात होते. नानाशेटांनी माणसं पाठवून पुस्तकं परत मागवली. बहुतेक घरांतून ‘सापडत नाही’ असा निरोप आला. सापडत होती की नाही, देव जाणे. पण घराण्याच्या तोंडावर लोकांनी नाही म्हटलं, हे वाशीममध्ये मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंना खुलाशाची नोटीस आली. त्यांनी खुलाशात तुळशाचं पान परत एकदा लिहून दिलं. बाईंना नोकरीवरून काढलं तर प्रकरण कोर्टात जाईल आणि तिथे ते पान सगळ्यांसमोर वाचलं जाईल, हे नानाशेटांच्या वकिलानं ओळखलं असावं. नोकरी ठेवली. इतिहास काढून घेतला. एम. ए. झालेल्या बाईला पाचवीला शिवणकाम शिकवायला लावलं. इतिहास दिला मोठ्या बाईंच्या नात्यातल्या एकीला. ती गाइड उघडून वाचून दाखवायची.

शिक्षकांच्या खोलीत कोणी चकार शब्द काढला नाही. ‘बाईंनी जरा सबुरीनं घ्यायला हवं होतं,’ एवढं मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी. बाईंना शिवणकाम का दिलं, असं मी संस्थेच्या बैठकीत विचारलं तेव्हा मला सांगण्यात आलं की शिवणकाम हाही विषयच आहे. आहे ना. मग नानाशेटांच्या सुनेला शिकवायला लावायचं होतं.

खंडारेबाईंना सुईत दोरा ओवता येत नव्हता. पाचवीतल्या मुलीच त्यांना ओवून द्यायच्या. त्या रडल्या नाहीत, कुरकुरल्या नाहीत. पण वर्गावरून परत येताना आठवीच्या दाराशी त्यांची चाल मंद व्हायची. आतून गाइड वाचल्याचा आवाज यायचा. त्या क्षणभर थांबायच्या आणि पुढे जायच्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते पाहून मी नानाशेटांना जितक्या शिव्या मनात दिल्या तितक्या जन्मात कोणाला दिल्या नसतील.

दोन वर्षांनी शेलूबाजारकडे एक नवी शाळा निघाली. तिथे इतिहासाची जागा होती. पगार कमी, इमारत नाही, वर्ग गोदामात भरायचे. बाई एका दिवसात गेल्या. निरोपसमारंभ झाला नाही. रामभाऊनं त्यांची ट्रंक स्टँडपर्यंत नेली आणि हमालीचे पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. मी एस. टी.नं मंगरूळपीरला निघाले होते. शेलूबाजारला गाडी थांबली. बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या कडेला एक जीप माणसांनी खच्चून भरलेली, आणि जीपच्या तोंडाशी खंडारेबाई. केस बरेच पांढरे झाले होते. ड्रायव्हरनं एका मजूरबाईला तिच्या गाठोड्यासकट खाली उतरवलं होतं आणि तिच्या जागी कोणा पाटलाला बसवत होता. खंडारेबाई बोनेटवर हात टेकून आडव्या उभ्या होत्या.

“बाजूले व्हा बाई, उशीर होऊन राह्यला,” ड्रायव्हर म्हणत होता.

“हिचं भाडं घेतलं का नाई तू?”

“देतो नं वापस.”

“वापस नाई पायजे. जागा पायजे.”

मागून लोक ओरडत होते. कोणी बाईंच्या बाजूनं, बरेचसे ड्रायव्हरच्या. पाटील जीपमध्ये अर्धा चढून अवघडून उभा होता. मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं, आणि सगळा चेहरा हसला. एक हात वर करून मला थांबायची खूण केली. पण आमच्या कंडक्टरनं बेल मारली होती. गाडी हलली तशा त्या पुन्हा ड्रायव्हरकडे वळल्या. मी मान वळवून जितकं दिसेल तितकं पाहत राहिले. त्यांचा दुसरा हात बोनेटवरून हलला नव्हता, आणि ती मजूरबाई गाठोडं उचलून पुन्हा जीपमध्ये चढत होती.